मैदानात मावलेलं गाव

आमच्या नववीच्या वर्गात भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा एक नकाशा टांगलेला आहे. तो इतका जुना आहे की त्यात गोंदिया अजून आमच्यातच आहे. जिल्हा वेगळा होऊन कितीतरी वर्षं झाली, पण नवा नकाशा मागवायचं दर वर्षी राहून जातं. एका अर्थी बरंच आहे. त्या नकाशात वैनगंगेच्या काठावर एक बारीक ठिपका आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचं ते गाव. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. मधल्या सुट्टीत मुलं त्या ठिपक्यावर बोट ठेवून एकमेकांना दाखवतात, त्यामुळे तिथला कागद काळा पडला आहे.

मी पुनर्वसनाच्या वसाहतीतल्या शाळेत इतिहास शिकवतो. वसाहतीला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. बसचा कंडक्टरही 'चला, पुनर्वसनवाले उतरा' असंच म्हणतो. मी स्वतः त्या बुडालेल्या गावचा नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. माझं गाव कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. ज्या पाण्यानं यांची घरं गेली, त्याच पाण्यावर आमच्या घरी आता उन्हाळी धान होतो. यात मी काही केलं नाही, हे मला कळतं. तरी रोज सकाळी कालव्याच्या कडेनं मोटारसायकलवर यायचं, शाळेत शिरायचं आणि त्या मुलांची हजेरी घ्यायची, हे मला कधी सहज जमलं नाही. आपण जेवून उठलो आणि आता ज्यांना पान मिळालं नाही त्यांच्यात जाऊन बसलो, असं काहीतरी वाटत राहतं.

कदाचित म्हणूनच मी त्या वर्षी इतिहासाचा उत्सव मनावर घेतला. मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या गावाची माहिती गोळा करायची आणि ती सगळ्या वसाहतीपुढे मांडायची, अशी कल्पना होती. माझ्या डोक्यातलं चित्र नेहमीचंच होतं. थर्माकोलवर चिकटवलेले तक्ते, एक मांडव, दोन पाहुणे, फीत आणि चहा. तेवढ्यात मी खूश होतो. बिछायत केंद्राच्या माणसाला मी तक्ते तयार व्हायच्या आधीच मांडव सांगून ठेवला. मैदानाच्या दक्षिणेला, फाटकाजवळ, म्हणजे पाहुण्यांना गाडीतून उतरल्यावर फार चालावं लागू नये.

दिवस मात्र मुलांनी ठरवला. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार नाचते, रात्री नाटक होतं. गाव बुडालं तरी या लोकांनी आपली मंडई सोडली नाही, वसाहतीत आणली. मुलं म्हणाली, मंडईच्या दुसऱ्या दिवशी ठेवू. पाहुणे अजून गेलेले नसतात, आणि ज्या लेकी जुन्या गावातून लग्न होऊन गेल्या त्याही असतात. मला हे सुचलं नव्हतं.

माहिती यायला लागली तशी माझी पंचाईत झाली. तक्त्यावर मांडता येईल असा इतिहास कुणी आणलाच नाही.

"सर, मी आजोबाले म्हणलं गावाचा इतिहास सांगा," एक मुलगा उभा राहून सांगू लागला. "तं म्हणे, लिही, आमच्या घराच्या उगवतीले कुंभाराचं घर. मी म्हणलं, तसं नाही, इतिहास सांगा. तं म्हणे, सांगून तं राहिलो, कुंभाराच्या बाजूले विहीर."

वर्ग हसला, पण सगळ्यांचं तेच होतं. कुणाचंही म्हातारं माणूस राजा, सन, लढाई यांच्याकडे वळत नव्हतं. घराच्या बाजूला घर, त्याच्या बाजूला गोठा, तिथून उतरलं की नदीचा घाट. मला थोडा रागच आला होता. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमची आजी तं सांगतच नाही सर. चालून दाखवते."

"म्हणजे?"

"अंगणात काठीनं रेघा मारते अन मंग त्याच्यातून चालते. मी मधात उभी राहिली तं म्हणते, हट पोरी, विहिरीत पडशीन."

पुन्हा सगळे हसले. ती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आपण मैदानावर काढू ना सर. सगळं गाव. मंग सगळे चालतीन."

त्या मुलीचं घराणं नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातलं. जुन्या गावात बौद्धांची घरं नाल्याच्या दक्षिणेला होती आणि बाकी गाव उत्तरेला, नदीपर्यंत. तिची आजी मला ऐकून माहीत होती. वसाहतीत आल्यापासून ती आपल्या ओट्याच्या पलीकडे क्वचितच जाते, मंडईची दंडारही ओट्यावरून ऐकते, असं मुलीनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी आजीचा निरोप घेऊन आली.

"आजी म्हणते, माहं घर असन तं येईन. नाहीतं कायले येऊ?"

"असेल म्हणून सांग," मी म्हणालो. शब्द दिला, तो इतक्या सहज.

मग कामाला जोर आला. चुन्याच्या रेघा पायानं पुसल्या जातात, म्हणून तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, भिंती करायच्या ठरल्या. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची मळणी झालेली होती, तणस हवं तेवढं होतं. मुलांनी त्याच्या जाड दोऱ्या वळल्या. रोज शाळा सुटल्यावर दोन-चार म्हातारे मैदानाच्या कडेला येऊन बसायचे आणि भांडायचे. ते ऐकायला मी मुद्दाम थांबायचो.

"माह्या आंगणात तीन बैलबंड्या उभ्या राहत होत्या," एक शेतकरी आजोबा दोरी धरलेल्या मुलांना सांगत होते. "एवढंसं काय काढून राहिले?"

"तीन कुठच्या?" दुसरे म्हणाले. "बंडी तुझी एक. बाकीच्या दोन लग्नाच्या दिवशी सोयऱ्यायच्या होत्या."

"मंग उभ्या तं राहिल्या ना?"

"उभ्या राहिल्या. एक माह्या आंगणात होती."

मुलांनी ते अंगण थोडं वाढवलं. बाकी सगळ्यांची घरं तेवढीच राहिली आणि आजोबांचं समाधान झालं.

गाव उत्तरेकडून उतरत आलं. नदी, घाट, मारुतीचं देऊळ, चावडी, मग मोठी आळी. चावडीपुढे जुन्या गावात पिंपळ होता. आमच्या मैदानात जवळपास त्याच जागी कडुनिंब निघाला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळं इतकं छान चाललं होतं की गावाची दुसरी बाजू कुठपर्यंत येणार हे मी पाहिलंच नाही. एका संध्याकाळी मुलं माझ्याकडे आली. "सर, नाल्यापाशी जागा संपून राहिली. तिथून मांडव आहे."

मी जाऊन पाहिलं. खरंच होतं. मांडवाच्या खुंट्या जिथं ठोकायच्या ठरल्या होत्या, तिथंच नाला येत होता. मोहल्ला त्याच्या पलीकडे, म्हणजे पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली.

मला त्यात अडचण दिसली ती फक्त जागेची. मी लगेच तोडगा काढला. "मोहल्ल्याचा आपण स्वतंत्र नकाशा करू. व्हरांड्यात. मोठ्या कागदावर, रंगीत. उलट जास्त उठून दिसेल."

ती मुलगी दोरीचं टोक धरून उभी होती. "हो सर," ती म्हणाली आणि दोरी गुंडाळायला लागली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दोन दिवसांनी मी आमंत्रणं द्यायला वसाहतीत फिरत होतो. तिच्या घरी गेलो तेव्हा आजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मुलगी आत होती. मी जय भीम केला, आजीनंही केला आणि सूप बाजूला सरकवून मला जागा केली.

"या मास्तर. काढलं का माहं घर?"

"काढतो आहोत आजी. व्हरांड्यात आहे तुमचा मोहल्ला. वेगळा नकाशा केला, चांगला मोठा."

"वेगळा काहून?"

"मैदान पुरलं नाही."

"अन बाकीचं गाव?"

"ते मैदानावर आहे."

आजी हसायला लागली. रागानं नाही. अगदी मोकळं, एखादी जुनी गंमत पुन्हा ऐकल्यासारखं.

"अगे, आयक," तिनं आत नातीला हाक मारून सांगितलं. "मैदान पुरलं नाही म्हणते मास्तर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिकडं होतो तं नाल्यापलीकडं. इथं आलो तं चिठ्ठ्या टाकून प्लॉट भेटले. या बाजूले पाटलाच्या घरचे, त्या बाजूले तेली. मी म्हणलं, चला, घर बुडलं पण लायनीत तं आलो. अन आता तुम्ही पोरायच्या हातानं पुन्हा नाल्यापलीकडं नेलं का?"

आतून मुलगी पाणी घेऊन आली. ती खाली पाहत होती, आणि माझ्या लक्षात आलं की तिनं आजीला काही सांगितलेलं नव्हतं. मी येऊन सांगेन याची ती वाट पाहत होती, किंवा मला सांगावंच लागणार नाही असं काहीतरी मी करेन याची.

"मी येत नाही मग," आजी शेंगा सोलता सोलता म्हणाली. "व्हरांड्यातलं घर भिंतीवर राहीन. भिंतीवरच्या घरात बसता येते का?"

त्या दिवशी घरी जाताना मी कालव्याच्या पुलावर मोटारसायकल थांबवली. मला स्वतःचीच चीड येत होती. या लोकांचं आपण काहीतरी देणं लागतो असं मनात घेऊन मी सगळं सुरू केलं होतं आणि त्यातला अर्धा आनंद माझा मलाच होता. आपण किती मोठं काम करतो आहोत! आणि जागा कमी पडली तेव्हा कुणाला उचलायचं हे ठरवायला मला क्षणभरही लागलं नव्हतं. मांडव हलवता येईल हा विचारच माझ्या मनात आला नाही. मोहल्ला हलवता येईल, हा आला. मी वाईट हेतूनं केलं नाही, असं स्वतःला म्हणून पाहिलं. त्यानं काही फरक पडेना. खालून पाणी आमच्या गावाकडे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते सज्जन आहेत, पण पाहुण्यांना फार भितात.

"मांडव नको म्हणता? पंचायत समितीचे साहेब येणार. त्यांना उन्हात उभं करायचं?"

"उन्हात नाही सर. कडुनिंबाखाली. तिथं गावाची चावडी आहे."

"खाली बसवायचं?"

"सतरंजी घालू. गावात साहेब आले की चावडीतच बसत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बसले नाहीत तर तुम्ही सांभाळायचं," ते म्हणाले. ही त्यांची परवानगी असते.

मग बिछायतवाल्याला फोन केला. तोही जुन्या गावचाच, आता अड्याळला दुकान आहे. "मांडव नाही लागत?" तो म्हणाला. "गुरुजी, तुमचा कार्यक्रम होऊन राहिला का उठून राहिला?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी मांडव ठोकत होतो तो मोहल्ल्यावर? बरं झालं सांगतलं. आमच्या आळीवर ठोकून ठेवला असता तं बापानं घरात घेतलं नसतं." सतरंज्या त्यानं आपणहून पाठवल्या.

वर्गात जाऊन मी मुलांना सांगितलं की मी चुकलो होतो, मोहल्ला मैदानावरच येईल. खूप तयारी करून गेलो होतो. मुलांनी एवढंच विचारलं, "मंग आता दोरी घ्यायची का सर?" आणि माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत निम्मा वर्ग बाहेर होता. ती मुलगी शेवटी उठली. माझ्या टेबलाजवळून जाताना थांबली. "सर, नाला रुंद काढायचा का अरुंद?"

"होता तसा."

"पावसाळ्यात रुंद होता म्हणते आजी. उन्हाळ्यात कोरडा."

"आत्ता हिवाळा आहे."

"मंग मधला काढतो," ती म्हणाली. हसली, असं मला वाटलं.

मोहल्ला काढत नेला तसा तो थेट फाटकापर्यंत गेला. विहाराची पायरी फाटकाच्या आत जेमतेम बसली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आता गावात शिरायची वाट मोहल्ल्यातूनच आहे. दुसरीकडून यायला शाळेला फाटकच नाही. मुख्याध्यापक बराच वेळ तिकडे पाहत उभे होते. "असू द्या," ते म्हणाले. "साहेबांनाही कळेल गाव केवढं होतं."

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा एक बकरी मारुतीच्या देवळाची भिंत खात होती. तिला हाकलून नवी दोरी घातली. दहाच्या सुमारास माणसं यायला लागली आणि मग मला करायला काही उरलं नाही. प्रत्येक घराच्या दाराशी एक मूल उभं होतं, आपण गोळा केलेली माहिती सांगायला. पण लोक ऐकत कुठं होते? ते मुलांनाच सांगत होते. फाटकातून आत येऊन आधी मोहल्ला, मग नाला, मग आपली आळी. त्या गावात जन्म काढलेली कितीतरी माणसं या वाटेनं पहिल्यांदाच गावात शिरली असतील. एक-दोघं फाटकात थबकली, हेही मी पाहिलं. मागून लेकी-सुना रेटा देत आल्या, तेव्हा तीही चालू लागली.

शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एक बाई आपल्या माहेरच्या घरात उभ्या राहून नवऱ्याला दाखवत होत्या, "हे पाहा, इथं तुम्ही पाहायले आले तवा बसले होते." नवरा म्हणाला, "लहान वाटून राहिलं." बाई म्हणाल्या, "तवा तुमची नजर कुठं होती घरावर." बंड्यांचे आजोबा आपल्या वाढवलेल्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि कुणी त्यातून आडवं गेलं की ओरडत होते. पंचायत समितीचे साहेब चावडीत मांडी घालून बसले. त्यांना भाषण करायला लावायचं आम्ही विसरलो आणि ते त्यांनाही चाललं.

माझं लक्ष सगळा वेळ फाटकाकडे होतं. मुलगी आपल्या घराच्या दाराशी उभी होती, तिचंही. आजीला बोलवायला मी पुन्हा गेलो नव्हतो. जाऊन काय सांगायचं, हे मला ठरवता आलं नाही. मुलीनं सांगितलं असेल, एवढ्यावर सोडलं होतं.

उन्हं चढल्यावर आजी आली. पांढरं लुगडं, हातात काठी, बरोबर कुणी नाही. फाटकात उभी राहून तिनं काठीनं विहाराच्या पायरीचं तणस चाचपलं, आणि आत आली. नात धावत गेली, पण आजीनं तिला हात धरू दिला नाही. "मले माहीत आहे," ती म्हणाली. ती आपल्या घरावरून पुढं गेली. नाल्यापाशी थांबली, नाल्याची रुंदी पाहिली, "हो, एवढाच" म्हणाली. पलीकडे गेली नाही. परत फिरली आणि दोन घरं सोडून आपल्या दारातून आत शिरून बसली. दार जिथं होतं तिथूनच. भिंत ओलांडून नाही.

त्यानंतर तिच्याकडे माणसं यायला लागली. नाल्याच्या या बाजूची आली, त्या बाजूचीही आली. पाटलांच्या घरची सून, जी वसाहतीत तिच्या भिंतीला भिंत लागून राहते, तीही आली. आजी तिला म्हणाली, "ये वो. तिकडं कधी आली नाही, इथं तं ये." ती बाई हसत आत जाऊन बसली.

गर्दी ओसरल्यावर मी गेलो. दाराबाहेर उभा राहिलो.

"मास्तर, तुमचं गाव कोणतं?" आजीनं विचारलं.

इतक्या वर्षांत वसाहतीत हे मला कुणी सरळ विचारलं नव्हतं, किंवा मी विचारू दिलं नव्हतं. मी सांगितलं.

"कालव्याच्या खालतं?"

"हो."

"पाणी येते तिकडं?"

"येतं आजी."

"मंग धान दोनदा होत असन."

"होतो."

नात माझ्याकडे पाहत होती. आजी काठीच्या टोकानं जमिनीवर काहीतरी कोरत राहिली. या प्रश्नाला द्यायची उत्तरं मी कितीदा मनात जुळवली होती.

"होऊ दे," आजी म्हणाली. "पाणी आलं तं धान होईनच. उभे काहून राहिले? आत या."

मी चपला बाहेर काढल्या, दारातून आत गेलो आणि पहिली मोकळी जागा दिसली तिथं बसलो. आजीनं काठी माझ्या गुडघ्याला लावली.

"सरका मास्तर. चुलीवर बसले तुम्ही."

नात तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी सरकलो आणि तिनं दाखवलेल्या जागी, तणसाच्या भिंतीशी मांडी घालून बसलो.